एकाच चोपडीतले दोन पहारे

परभणीहून एका लेकीचं पत्र आलंय. सहा पानांचं आहे, म्हणून थोडं छाटून, पण तिच्याच शब्दांत देते. (मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा घाऊक बाजार.)

"काकू, आमचे अण्णा मोंढ्यात हमाल होते. बत्तीस वर्षं हमाल संघटनेचे सेक्रेटरी. गळ्यात माळ, दर आषाढीला पायी दिंडी, गल्लीतल्या सप्ताहाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. गेल्या कार्तिकात, वद्य दशमीला गेले. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलंय आणि घरात रोज वाद. तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. ते म्हणतात, एखाद्या मोठ्या महाराजांचं कीर्तन ठेवू, बारा वाजता फुलं टाकू, गावजेवण घालू. पण माळकऱ्याच्या कार्यात लाल झेंडा आणि घोषणा नकोत. संघटनेतली तरुण पोरं म्हणतात, शोकसभा मोंढ्यातच होणार, भजन-कीर्तन ही घरगुती बाब आहे, ती स्टेजवर नको. माझ्या भावानं वीस फुटी बॅनर डिझाइन करून आणलंय. मोंढ्याच्या गेटला अण्णांच्या नावाची कमानही करायची म्हणतो. आणि सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे: तू शिकलेली आहेस, भाषण तू कर.

मला भाषण सुचत नाही. खरं सांगू का, अण्णा आमच्या वाट्याला आलेच नाहीत. 2004 ला माझी दहावी होती. पहिल्या पेपरला सायकलवर सेंटरला सोडतो म्हणाले होते. पहाटे कुणीतरी बोलवायला आलं आणि गेले. मी शेजारच्या काकांच्या मागं बसून गेले. मोंढ्यात पोत्यांची थप्पी कोसळून एक हमाल खाली सापडला होता, हे मला दोन दिवसांनी कळलं. कारण खरं होतं, पण म्हणून राग गेला नाही. हे माईकवर कसं बोलू?

आईच्या ट्रंकेत अण्णांची लाल चोपडी सापडली. नावं, तास, आकडे, कुणाला किती उसने दिले ते, अर्जांच्या नकला. हिचं काय करायचं? चाचा, अण्णांचे थप्पीवरचे जोडीदार, रोज संध्याकाळी येतात, चोपडी हातात घेतात, परत ठेवतात. परवा त्यांनी विचारलं, 'कीर्तनाला मी आलेलं चालंल ना?' तेव्हापासून मला झोप नाही."

पोरी,

आधी उठ आणि चाचांच्या घरी जाऊन ये. त्यांना म्हण, "चाचा, तुम्ही पाहुणे नाहीत, घरचे आहात, तयारीला चला." बाकीचं पत्र परत आल्यावर वाच. वर्षभर तुझ्या ओट्यावर येऊन बसणाऱ्या माणसाला असं विचारावं लागलं, याची लाज तुला वाटली म्हणूनच झोप गेली. बरंच झालं गेली ते.

आलीस? आता चोपडी.

तू चार पानांचे फोटो पाठवलेस. मी भिंग घेऊन बसले होते, दोन दिवस. मुनीम लोक वापरतात तसली लांबट, लाल कापडाच्या बांधणीची वही. दिवाळीला अडत्ये आपल्या माणसांना देतात त्यातली. पहिल्याच पानावर कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय, "वहीचे रोख 40 रु. दिले." तुला ते फालतू वाटलं असेल, मला वाटलं नाही. ज्या अडत्याशी पुढच्या महिन्यात हमालीच्या दरावरून भांडायचंय, त्याची वहीसुद्धा फुकट घ्यायची नाही, आणि घेतली नाही याची नोंद ठेवायची. तुझ्या भावाच्या बॅनरवर "कामगारांचे कैवारी" असं असणार. त्यापेक्षा ही ओळ मोठी आहे.

दुसरा आणि तिसरा फोटो तू "कसल्या तरी याद्या" म्हणून पाठवलास. कसल्या ते सांगते. एका पानावर तास आहेत: रात्री 12 ते 3, पहाटे 3 ते 6, असे दिवसरात्रीचे आठ भाग, प्रत्येकासमोर दोन नावं. हा सप्ताहातला विण्याचा पहारा. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नसतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, म्हणून रात्रीची माणसंसुद्धा आधी नेमावी लागतात. दुसऱ्या पानावर तास नाहीत, तारखा आहेत. सात दिवस, रोज पाच नावं, वर लिहिलंय "बाजार समितीसमोर, स. 10 ते सायं. 5". हे साखळी उपोषण. आज हे पाच बसायचे, उद्या ते पाच. जागा रिकामी पडू द्यायची नाही.

आता नावं जुळव. मी जुळवली. पहाऱ्याच्या सोळा नावांपैकी अकरा नावं उपोषणाच्या पानावर पुन्हा आहेत. दोन्ही पानांवर रेघा त्याच पट्टीनं मारलेल्या, अक्षर तेच, नाव खोडून दुसरं घालायची पद्धतही तीच. तुझ्या अण्णांना माणसं पाळीनं बसवायची कला येत होती, आणि ती त्यांनी विठोबासमोर वापरली तशीच बाजार समितीसमोर वापरली. कुठली कला कुठून कुठं गेली ते आता कोण सांगणार?

आणि चाचा दोन्ही पानांवर आहेत. पहाऱ्याच्या पानावर पहाटे 3 ते 6 च्या समासात लिहिलंय, "चहा – चाचा". उपोषणाच्या पानावर चौथ्या दिवशी त्यांचं नाव आहे, ते खोडलंय आणि पुढं लिहिलंय, "शुगर. नको." त्याखाली दुसऱ्या शाईत, जरा चिडूनच लिहिल्यासारखं, "ऐकत नाही. बसणार." मी इथं एकटीच हसले. माझी सून विचारायला आली, काय झालं म्हणून.

ही दोन पानं तात्यांसमोर आणि त्या तरुण पोरांसमोर एकाच वेळी ठेव. वेगवेगळी दाखवू नकोस, नाहीतर जो तो आपलं पान फाडून नेईल.

तात्यांशी वाद घालताना गंगाखेडची जनाबाई आणि तेरचे गोरोबा काढू नकोस. माळकऱ्याला ते पाठ असतं, तो मान डोलावतो आणि आपलंच खरं करतो. त्यांना चोखोबांचं विचार. चोखोबा गेले कसे? मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असताना कूस कोसळलं आणि कितीतरी मजूर खाली गाडले गेले. परंपरा सांगते की पुढं नामदेव तिथं गेले, हाडांच्या ढिगातून ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून उचलली, आणि पंढरीला महाद्वारासमोर समाधी बांधली. नामदेव म्हणजे आपल्या हिंगोलीकडच्या नरसीचे. कामावर दगावलेल्या मजुराची हाडं स्वतः जाऊन वेचून आणणारा हा माणूस वारकऱ्यांच्या घरात रोज पूजला जातो. आता 2004 च्या पहाटे थप्पीखाली सापडलेल्या हमालासाठी कोण धावलं ते तात्यांना आठवतंय का, तेवढं विचार. आणि "उपोषण हे माळकऱ्याचं काम नाही" असं कुणी म्हणालंच, तर त्याला 1947 चं सांग. पंढरपूरचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरातच उपोषण केलं, मगच ते दार उघडलं.

तरुण पोरांना समजावणं तुला जास्त जड जाईल, कारण त्यांचं म्हणणं वरवर बरोबर दिसतं. संघटनेत सगळ्या जातीधर्मांची माणसं आहेत, मग स्टेजवर एका पंथाचं कीर्तन कशाला? प्रश्न चांगला आहे, टाळू नकोस. पण त्यांना एक विचार: रात्री तीनला वीणा घेऊन उभं राहायला जी माणसं यायची तीच उपोषणाला का बसली? पगारी कार्यकर्ते होते का ते? अण्णांनी बोलावलं तर आपण जायचं, ही सवय त्यांना कुठं लागली? हमालांच्या सभेत घोषणा देणाऱ्याचा आवाज नीट ऐकलास तर कळतं, हा गळा भजनात तयार झालाय. ते काढून टाकून अण्णा सांगायचे ठरवलं तर पोरांच्या हातात नुसता एक सेक्रेटरी उरतो. सेक्रेटरी काय, दर तीन वर्षांनी निवडता येतो.

आता दिवस कुठला धरायचा, यावर थोडं लांबण लावते, कारण घोळ इथंच आहे.

तुझे अण्णा दर आषाढीला पायी गेले, कार्तिकीला कधी गेले का? माझी पैज आहे, नाही. आषाढात पेरणी झालेली असते, मोंढ्यात आवक नसते, हमालाला काम थोडं. शेगावची पालखी परभणीवरून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत आमच्या दारावरून जाते तेव्हा तिच्या आगेमागे मोंढ्यातली माणसं हमखास दिसतात. कार्तिकात मात्र सोयाबीन, कापूस, सगळंच एकदम येतं. ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, वर्षाची कमाई त्याच दोन महिन्यांत. तेव्हा हमाल पंढरीला जात नाही आणि संघटनेचा सेक्रेटरी तर मुळीच नाही. म्हणजे आता कार्तिक वद्य दशमीला, दुपारी बारा वाजता फुलं ठेवलीस तर कोण येईल? पाहुणे येतील, तात्यांचे व्याही येतील, दोन-चार पुढारी फोटोपुरते येतील. ज्यांच्यासाठी अण्णा जगले ते सगळे त्या वेळी लिलावाच्या शेडमध्ये पोती उचलत असतील. एका दिवसाची हमाली बुडवून या, असं म्हणायचा अधिकार तुम्हाला नाही. अण्णांनीही म्हटलं नसतं.

दुसरं, मोठ्या महाराजांचं. कार्तिक वद्यात आळंदीची यात्रा असते, त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा. त्या आठवड्यात नावाजलेले कीर्तनकार आळंदीत असतात. जो रिकामा सापडेल तो का रिकामा आहे याचा तात्यांनी विचार करावा. हे जरा खवट झालं, पण राहू दे.

म्हणून माझं मत असं. दशमीला घरी तिथीचं काय असेल ते सकाळीच उरका: पिंडदान, घरची माणसं, नैवेद्य, आईला हवं असेल तेवढं. सगळ्यांचा कार्यक्रम पाच दिवसांनी अमावास्येला ठेवा. तूच पत्रात एके ठिकाणी लिहिलंयस की अमावास्येला तुमचा मोंढा बंद असतो. शेड रिकामी, हमाल मोकळे, गड्यांना अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून येता येईल. अमावास्या म्हणून तात्या नाक मुरडतील. त्यांना सांग, ती पितरांचीच तिथी आहे. कीर्तन गल्लीतल्या भजनी मंडळाचंच. तू ज्या म्हाताऱ्या विणेकऱ्याचं लिहिलंस, जो पूर्वी मोंढ्यात मापाडी होता, तो करेल. गळा फाटका असेल, चालेल. त्यानं अण्णांना पाठीवर पोतं असताना पाहिलंय. कीर्तन संपलं की त्याच जागी संघटनेची सभा, झेंड्यासह. "राम कृष्ण हरी" म्हणणाऱ्यानं म्हणावं, "लाल सलाम" म्हणणाऱ्यानं म्हणावं. तुझे अण्णा दोन्हीला उत्तर देत होते ना? मग झालं. ज्याला कीर्तन नको त्यानं सभेला यावं, ज्याला झेंडा नको त्यानं आरती झाली की उठावं. पण पंगत एक. वाढायला कोण आणि बसायला कोण, हे आदल्या दिवशी चोपडीत लिहून काढा, अण्णांनी लिहिलं असतं तसं. ऐनवेळेवर सोडलं की जुन्या सवयी वर येतात आणि चाचा कोपऱ्यात बसतात.

बॅनरबद्दल मी रागानंच लिहिणार आहे, कारण हात पोळलेत. माझे यजमान शिक्षक होते, शिक्षकांच्या संघटनेत आयुष्य गेलं त्यांचं. ते गेल्यावर पहिल्या वर्षी आम्ही स्मरणिका काढली. चकचकीत कागद, पाचशे प्रती. पहिली आठ पानं पुढाऱ्यांचे संदेश, सगळे एकाच माणसानं लिहिल्यासारखे. मग जाहिराती. मग "ध्येयवादी", "निःस्पृह", "झुंजार". तीनशेच्या वर प्रती अजून माळ्यावर आहेत, उंदरांनी कडा कुरतडल्यात. त्या गडबडीत घर आवरताना मी त्यांच्या बदल्यांच्या प्रकरणांच्या वह्या रद्दीत घातल्या. कुठल्या बाईची बदली कुठून कुठं झाली, तिचं मूल किती महिन्यांचं होतं, साहेबांना कितव्यांदा भेटले, सगळं त्यात होतं. रद्दीवाल्यानं किलोवर नेलं. आज मला त्यातलं एक पान मिळालं तर मी त्या सगळ्या स्मरणिका जाळीन. तेव्हा भावाला म्हणावं, बॅनर कर, पण लहान कर. नाव, फोटो, "हमाल, वारकरी", तारीख. विशेषणं काढली की फूट आपोआप कमी होतात, पैसेही वाचतात. त्या पैशांचं पुढं बोलू.

चोपडीचं काय करायचं? आधी तिचे सगळ्या पानांचे फोटो काढून घे, नीट उजेडात, क्रमानं. मग तिचे आणि अण्णांच्या बाकी कागदांचे दोन भाग कर. हमालीच्या दरांचे करार, अर्जांच्या नकला, पावतीपुस्तकं, शिक्का, हे संघटनेचं. मूळ कागद त्यांना द्या, दोघांच्या सह्यांनिशी यादी करून. पुढच्या वाटाघाटीत मागचा करार कामाला येतो, आणि सेक्रेटरीच्या घरी राहिलेले कागद बहुतेक वेळा सेक्रेटरीबरोबरच जातात. हिशेबात चार पैशांचा फरक निघाला तर लपवू नका आणि घाबरूही नका. बत्तीस वर्षांत फरक निघणारच, तो सांगून मिटवायचा.

उसन्याची पानं मात्र कुणाला दाखवायची नाहीत. तिथं नावं आहेत. कुणाच्या बाळंतपणाला पाचशे, कुणाच्या मयतीला हजार. "अण्णांनी इतक्या जणांना मदत केली" म्हणून ती यादी सभेत वाचायचा मोह तुझ्या भावाला होईल. होऊ देऊ नकोस. ती माणसं समोर बसलेली असतील. वसूल करायचे का, हे आईला विचार, आणि ती नाही म्हणाली तर तो विषय संपला.

आईवरून आठवलं. सहा पानांत तात्यांना काय हवं, भावाला काय हवं, पोरांना काय हवं ते सगळं आहे. आईला काय हवं ते एका ओळीतही नाही. विचारलंस का? रात्री-अपरात्री दार वाजलं की चूल पेटवणारी तीच होती ना? चोपडीत तिच्या नावाचा पहारा नसणार, कारण तिची पाळी बदलतच नव्हती. तिला स्टेजवर बसवून शाल घालू नका, तिला संकोच होईल. तिच्याजवळ एकटी बस आणि मुकाट्यानं ऐक.

आणि माथाडी मंडळाकडचं तिचं काम झालं का, तेही बघ. वर्ष झालं म्हणून विचारते. दुसऱ्यांच्या वारसनोंदीसाठी चपला झिजवणाऱ्या माणसांची स्वतःची वारसनोंद राहून गेलेली मी पाहिलीये. अण्णांची नोंदणी मंडळात असेल तर फंड, ग्रॅच्युइटीचं जे काही असेल ते आईच्या नावे निघायला हवं. मृत्यूचा दाखला, मंडळाचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक घेऊन तूच जा. भावाला पाठवलंस तर तो कमानीच्या परवानगीचं बोलून परत येईल.

हे फंडाचं भाषणातही सांग, नातवंडांना माहीत नाही. हमालाला कागदावर मालक नसतो. आज या अडत्याकडं, उद्या त्या, दिवसात चार दुकानं. मग त्याचा फंड भरायचा कुणी, रजा द्यायची कुणी? मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, 1969 ला कायदा झाला, आणि मालक व हमाल यांच्या मधे मंडळ आलं: मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम, भरायची, त्या लेव्हीतून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी, रजा. कायदा झाला म्हणून परभणीच्या मोंढ्यात तो आपोआप चालत आला नाही. एकेका दुकानाची नोंदणी, एकेका हमालाचं कार्ड, यासाठी कुणीतरी खेटे घातले. शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून संघटना वर्षानुवर्षं भांडल्या. अण्णांच्या मानेवरचा घट्टा तुला आठवत असेल. आजच्या पोरांच्या मानेवर तो तेवढा नाही, हे सभेत त्यांनाच हात लावून बघायला सांग.

आता तुझा राग.

"कारण खरं होतं, पण म्हणून राग गेला नाही." हे वाक्य तू लिहिलंयस, आणि सहा पानांतलं सगळ्यात चांगलं वाक्य ते आहे. माईकवर हेच बोल, असंच. मागं "पण ते थोर होते" असं शेपूट लावू नकोस. समोर बसलेल्या हमालांच्या घराघरात अशी एकेक दहावी आहे. कुणाचं मूल तापानं फणफणलेलं असताना बाप धरण्यावर होता, कुणाचा वारीत होता. त्यांना ते ऐकू दे. अण्णांचा वेळ कुठून आला होता हे त्यांना कळायला हवं. तो तुमच्या घरातून काढून त्यांना दिलेला होता. तू त्या दिवशी रडलीस तरी चालेल. ज्ञानोबांच्या समाधीचं वर्णन करताना नामदेव रडले ते त्यांनी लपवलं नाही. लोकांना दुखवायला बोलतेय असं वाटलं तर मात्र थांब, आणि चोपडीचं पान वाच. भाषण पाच मिनिटांच्या वर जाऊ देऊ नकोस.

चौथा फोटो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. अर्जाची कार्बन नक्कल. "लिलाव शेडमध्ये प्रथमोपचार पेटी व स्ट्रेचर ठेवणेबाबत." खाली पेन्सिलीनं तीन स्मरणपत्रांच्या तारखा, आणि तिसऱ्या तारखेपुढं "उत्तर नाही". तू हा फोटो "अर्जाचा नमुना" म्हणून पाठवलास. वरची तारीख वाचलीस का? मार्च 2004. तुझी दहावी.

मी जास्त काही म्हणत नाही. तुझा पेपर त्यांना आठवत होता की नाही, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही, आणि मी ते त्यात वाचून दाखवणार नाही. त्या पहाटे त्यांनी त्या माणसाला कशावर घालून नेलं असेल, एवढंच मनात येतं. पोत्यावर? हातगाड्यावर? चाचांना माहीत असेल.

म्हणून कमान नको. बॅनर लहान केलं आणि कमान टाळली की जे पैसे उरतील त्यातून स्ट्रेचर आणि पेटी घ्या, अमावास्येला सभेतच शेडमध्ये ठेवा. तरुण पोरं म्हणतील, हे समितीचं काम आहे, आपण घेतलं तर समिती सुटली. बरोबर आहे त्यांचं. म्हणून चौथं स्मरणपत्रही त्याच दिवशी द्या, मागच्या तिन्हींचा संदर्भ घालून, रुग्णवाहिकेच्या मागणीसह, आणि पोच घ्या. पेटीतली औषधं संपतात, मुदत जाते. महिन्याला कोण बघणार त्या दोन माणसांची नावं चोपडीच्या पुढच्या कोऱ्या पानावर लिहा.

स्ट्रेचर घ्यायला भावाला एकट्याला धाडू नकोस. तो दिसायला छान असलेलं, दवाखान्यातलं चाकांचं आणेल, आणि ते शेडच्या तोंडाशीच अडकेल. घडीचं घ्या. त्याआधी चाचांना बरोबर घेऊन दोन थप्प्यांमधली बोळ मोज, सोयाबीन पूर्ण भरलेलं असताना.

काकू